उल्का माळवदेचा चेक

"पेन खाली ठेव," आई म्हणाल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. हाताला कणीक तशीच ठेवून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी जेवणाच्या टेबलाशी चेक पालथा घालून बसले होते. पेनचं टोक कागदाला लागायचंच बाकी होतं. समोर थोरले दीर पोहे खात होते. त्यांना घरात सगळे दादा म्हणतात.

"करू दे गं तिला सही," दादा चमचा न थांबवता म्हणाले. "मला उशीर होतोय."

"टेकवलंस का कागदाला?" आईंनी मला विचारलं.

"नाही."

"मग ठेव खाली."

मी ठेवलं. लग्न होऊन आठ महिने झाले होते, आणि या आवाजाला 'का' विचारायचं नसतं एवढं तेवढ्यात मी शिकले होते.

चेक एकवीस हजारांचा होता. लग्नाआधी मी कुर्डुवाडीला माहेरी बसून पुण्याच्या एका प्रकाशकासाठी दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृत्या काढल्या होत्या. हृदयाचे कप्पे, डोळ्याचा छेद, मुळाचा छेद, घंटा आणि तिची बॅटरी. एकशे चाळीस आकृत्या. हृदय त्यांनी मला चार वेळा परत काढायला लावलं होतं. पैसे आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता माझं लग्न झालं, मी बार्शीला आले, आणि ते पैसे मी मनातून सोडून दिले. मग एप्रिलच्या तारखेचा चेक माहेरच्या पत्त्यावर आला. तेव्हा माहेरची आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, नागपूरला भावाकडे गेलेले. पाकीट शेजाऱ्यांकडे फ्रिजवर पडून राहिलं. अण्णा परतले, त्यांनी ते उघडलं, तारीख बघितली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं बार्शीला येऊन चेक माझ्या हातात ठेवला. चहा घेऊन लगेच माघारी गेले. चेक तीन महिने चालतो, आणि शुक्रवारी त्याचे तीन महिने भरत होते. हे सगळं घडत होतं ते गुरुवारी सकाळी.

शनिवारची तर मला वेगळीच घाई होती. बार्शीच्याच एका कलाविद्यालयात मी फॉर्म भरला होता. शाळेत चित्रकला शिकवायची तर जी पदविका लागते, तिचा. यादीत माझं नाव लागलं होतं. शनिवारी दुपारी बारापर्यंत फी भरली तर जागा माझी, नाहीतर खालच्या मुलीची.

फोनवर तुषारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी हे सांगितलं होतं. तो साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता आणि शनिवारी रात्री घरी यायचा. तो म्हणाला, "दादाकडे दे चेक. तो रोज बँकेत जातो. रोख आणेल. मग फीचं बघू." तुषार मनानं सरळ आहे. पण या घरातल्या 'बघू'चा अर्थ मला कळायला लागला होता. माडीवर स्लॅब पडायचा होता. लोखंडाच्या सळ्या सहा महिने आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि घरात येणारा प्रत्येक पैसा 'तात्पुरता' माडीवर जात होता. माझ्या मामांनी दिलेला आहेर तसाच गेला होता. कुणी हिसकावून घेतला नव्हता. मीच दिला होता, हसत.

दादा सांगत होते ते सोपं होतं. चेकच्या मागे नुसती सही कर, उल्का माळवदे म्हणून. बाकी ते बघतील. बँकेतला शिपाई त्यांचा वर्गमित्र, रोखपाल त्यांच्या दुकानातून शर्टपीस नेतो. दुपारच्या जेवणाला रोख घरात.

आईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि टेबलाशी आल्या. चेक उचलून सुलटा केला. दोन्ही हातांत धरून डोळ्यांपासून लांब नेला आणि वाचला.

"तुझी पट्टी आण," त्या मला म्हणाल्या. "आखायची."

मी पट्टी आणली. त्यांनी चेकच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर ती तिरकी ठेवली आणि माझ्याच पेननं एक रेघ मारली. मग पट्टी जराशी सरकवून तिच्या शेजारी दुसरी. घाई नाही. पापडाच्या लाट्या दोऱ्यानं कापाव्यात तसं.

दादांचा चमचा थांबला.

"आई, काय केलंस हे? दोन रेघा मारल्यास. आता रोख मिळायची नाही."

"माहीत आहे."

"खात्यातच भरावा लागेल."

"भरू."

"कुणाच्या?" दादांनी बशी पुढे सारली. "हिचं खातं आहे तेजश्री हिंगमिरेच्या नावावर. चेक आहे उल्का माळवदेचा. उल्का माळवदेचं खातं आहे का कुठं?"

आई माझ्याकडे बघायला लागल्या. मी नाही म्हणून मान हलवली. कॉलेजात असताना कुर्डुवाडीला एक खातं होतं. लग्नाच्या गडबडीत, आता काय त्याचं काम, म्हणून मीच ते बंद करून आले होते.

"झालं तर मग," दादा उठले. "फ्रेम करून लावा आता भिंतीवर. चित्रकार घरात आहेच." मग दारात चपला घालताना वळून, जरा मऊ आवाजात, "मी पैसे खाल्ले असते असं वाटलं का गं तुला?"

"नाही रे," आई म्हणाल्या. "तू कशाला खाशील."

त्यांची स्कूटर गेली. मी टेबलाशी बसून त्या दोन रेघांकडे बघत राहिले. खोडता येणाऱ्या नव्हत्या. मला इतका राग आला होता की कानशिलं तापली होती. फॉर्म भरला तेव्हापासून आई त्याबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आता मला वाटलं, कळलं, यांना मी शिकायलाच नको आहे. पैसे रोखीनं आले असते तर निदान मी मागितले असते, भांडले असते, तुषारला रडून दाखवलं असतं. आता भांडायलाही काही उरलं नव्हतं.

आणि माझं नाव तरी कुणी बदललं होतं? लग्नात ताटात तांदूळ पसरून तुषारनं अंगठीनं जे नाव काढलं, ते त्याला आईंनी सांगितलेलं होतं. उल्का म्हणजे खाली पडणारी, घरात येणाऱ्या मुलीला असलं नाव बरं नव्हे, असं त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या. तुषारला शोभेल असं, त्याच्याच अक्षरावरचं, तेजश्री. अण्णा तेव्हा मांडवात खुर्ची लावत होते. त्यांनी ऐकलं आणि आणखी दोन खुर्च्या लावल्या.

"साडी बदल," आई म्हणाल्या. "आणि लग्नाचा दाखला घे. नगरपालिकेचा. कपाटात वरच्या कप्प्यात आहे. चेक तुझ्याच पर्समध्ये ठेव, माझ्याकडे देऊ नकोस."

बँकेपर्यंत आम्ही चालत गेलो. आईंचे गुडघे दुखायचे, पण रिक्षाला त्यांनी नको म्हटलं. वाटेत त्या एकदाच बोलल्या. पर्सची चेन लागली आहे ना, ते बघ म्हणाल्या.

बँकेत खातेदारांच्या खिडकीशी देशमाने नावाच्या बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, टेबलावर डब्याची पिशवी. मी चेक आणि भरण्याची पावती पुढे सरकवली. त्यांनी एकदा चेककडे, एकदा पावतीकडे बघितलं आणि दोन्ही परत माझ्याकडे ढकलले.

"नाव वेगळं आहे."

"लग्नानंतर बदललंय," मी म्हटलं.

"आडनाव बदलतं हो. हे सगळंच बदललंय. नाव, वडील, आडनाव. ही बाई तुम्हीच कशावरून?"

आईंनी माझ्या हातातून दाखला घेतला आणि काचेखालून आत सरकवला. त्यावर माझी दोन्ही नावं होती, खाली शिक्का. देशमानेबाईंनी तो नीट वाचला.

"तुम्ही कोण?"

"सासू."

"म्हणजे नाव बदलणाऱ्या तुम्हीच."

"मीच," आई म्हणाल्या.

बाईंना हसू आलं. ओळख देणाऱ्या खातेदार म्हणून त्यांनी आईंचा खाते क्रमांक विचारला, संगणकावर काहीतरी पाहिलं आणि मान डोलावली. "होईल. रेघा मारल्यात ते बरं केलंत, आता हा कुणाच्या तरी खात्यातच जाणार, रोख कुणाला मिळायची नाही. मागे आधी चेकवर जसं नाव आहे तशी सही करा. त्याच्या खाली आता जशी करता तशी. आणि त्याच्या खाली लिहा, फक्त अमुक खात्यात जमा, खाते क्रमांक. अशा क्रमानं. खाडाखोड करू नका, नाहीतर पुण्याला परत पाठवावा लागेल. तारीखही उद्याचीच राहिली आहे."

त्यांनी दोरीनं बांधलेलं पेन माझ्याकडे दिलं. मी चेक पालथा केला आणि सही केली.

करून झाल्यावर बघितलं. तेजश्री तु. हिंगमिरे.

आठ महिने मी दुसरं काही लिहिलं नव्हतं. रेशनकार्ड, गॅसची वही, बँकेचा फॉर्म, वाणसामानाची यादीसुद्धा. हात आपल्या वाटेनं गेला होता. मी हात मागे घेतला. रांगेत मागे उभा असलेला माणूस डोकावून बघत होता. आईंनी बघितलं. देशमानेबाईंनी काचेतून वाकून बघितलं.

"अहो, आधी जुनी म्हटलं होतं मी."

"चुकलं," मी म्हटलं. मला समोर तो चेक पुण्याला निघालेला दिसायला लागला. परत नवा येणार तो दिवाळीला. आणि शनिवारी दुपारी बारा वाजता खालची मुलगी फी भरणार.

"वर जागा आहे," आई म्हणाल्या.

खरोखर होती. कडेपासून बोटभर. आखीव समास सोडून लिहायची सवय, म्हणून मी सही जरा खाली केली होती.

"मावेल का?" देशमानेबाईंनी विचारलं. "बारीक पण स्वच्छ हवी. वाचता यायला हवी."

"ती मुळाच्या छेदात नावं लिहिते," आई म्हणाल्या. "मुंगीएवढी."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. माझ्या आकृत्या त्यांनी कधी बघितल्या होत्या? ट्रंकेत होत्या त्या, पलंगाखाली.

मी पेन टेकवायला गेले आणि हात थांबला. माझी जुनी सही कशी होती? 'उ' उभा की आडवा, 'ल्का' जोडून की सुटा, माळवदेचा 'दे' खाली ओढलेला की नाही. पोटाशी येत होतं, बोटाशी येत नव्हतं. आईंनी बाजूच्या खोक्यातून पैसे काढायची एक कोरी स्लिप उचलली, पालथी केली आणि माझ्यापुढे ठेवली.

"इथं दोन-तीनदा काढ. डोक्याला विचारू नकोस. हाताला आठवतं."

पहिली सही दुसऱ्याच कुणाची तरी वाटली. दुसरी बरी. तिसऱ्यांदा 'दे'ची मात्रा आपोआप मागे वळून 'ळ'वर गेली आणि मला एकदम कुर्डुवाडीच्या घरातला बाकावरचा माझा ड्रॉइंग बोर्ड दिसला. मग मी चेकवर, त्या बोटभर जागेत, उल्का दिगंबर माळवदे अशी सही केली. मुंगीएवढी, पण पूर्ण. खाली तेजश्री होतीच. तिच्या खाली लिहिलं, फक्त माझ्या खात्यात जमा, आणि खात्याचे आकडे एकेक करून, देशमानेबाई मोठ्यानं वाचत असताना.

त्यांनी आईंना एका कागदावर लिहून द्यायला सांगितलं, की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे आणि मी तिला ओळखते. आईंनी लिहिलं. 'ओळखते' लिहिताना जरा थांबल्या आणि मग सही केली, सुलभा सदाशिव हिंगमिरे.

"एक करा," त्या बाईंना म्हणाल्या. "जमा करायच्या आधी चेकची झेरॉक्स काढू द्या. दोन्ही बाजूंची. समोरच दुकान आहे, ही पळत जाऊन येईल."

"कशाला हो? पावती देतेय की."

"असावा कागद."

झेरॉक्स झाली. चेक आत गेला. शिक्का पडला. उद्या दुपारपर्यंत जमा दिसेल, बाई म्हणाल्या. मी पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. झेरॉक्सचे कागद आईंनी मागून घेतले.

बाहेर बँकेच्या पायऱ्यांवर त्या बसल्या. गुडघे बोलायला लागले म्हणाल्या. सावली होती. समोर एक माणूस हातगाडीवर पेरू मांडत होता, मोठे पुढे, बारके मागे. मीही बसले. माझा राग कुठे तरी गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं ते मला कळत नव्हतं.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" मी विचारलं.

आई पेरूंकडे बघत होत्या.

"लग्नाआधी मी एक वर्ष शाळेत होते. बदली शिक्षिका. वैरागला. पगाराचा काही फरक राहिला होता, तो लग्नानंतर आला. असाच, जुन्या नावानं. तेव्हा माझे सासरे होते. म्हणाले, मागे सही करून ठेव, कुणीतरी बँकेत जाईल. मी टेबलाशी बसून सही केली. नुसती. माझी भाकरी तव्यावर होती. धाकटे भावजी गेले घेऊन."

"त्यांनी पैसे..."

"नाही गं. कुणी काही केलं नाही. पैसे घरात आले. त्यात पिठाची चक्की आली. तुषारच्या आजीला चष्मा आला. सगळ्यांच्या कामाला आले. तक्रार कुणाजवळ करायची?" त्यांनी पदरानं मान पुसली. "मागे नुसती सही केली की तो चेक कुणाचाही होतो. ज्याच्या खिशात त्याचा. हे मला नंतर शाळेतल्या हेडबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, अगं, दोन रेघा तरी मारायच्या होत्यास. मला डी.एड.ला बसायचं होतं त्या पैशात. कायमची शिक्षिका व्हायला ते लागायचं."

पेरूवाल्यानं एक पेरू कापून मीठ-तिखट लावलं आणि स्वतःच खाल्ला.

"तुमचं नाव काय होतं?" मी विचारलं. आठ महिन्यांत हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सुलभा, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, सदाशिव. तेच अक्षर.

"आता काय त्याचं," आई म्हणाल्या. आणि मग, मी बघतच राहिले म्हणून, "विसरले." माझ्या खांद्यावर हात टेकून त्या उठल्या. "चल. कणीक तशीच आहे."

शनिवारी साडेअकराला मी फी भरली. दादा आठवडाभर मला मॅडम म्हणत होते. सळ्या आणखी दोन पावसाळे आभाळाकडे बघत राहिल्या, मग स्लॅब पडला. पहिल्या पगारातून त्याच्या फरशा मी घेतल्या, मागितल्याशिवाय. घरात मला सगळे तेजश्रीच म्हणतात. आईसुद्धा. त्या दिवसानंतर काही वेगळं झालं असं नाही. त्या तशाच कमी बोलत राहिल्या आणि मीठ जास्त झालं की तशाच सांगत राहिल्या.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. परवा दुपारी माझी मुलगी झोपली होती आणि मला तिचं लसीचं कार्ड सापडत नव्हतं. आई म्हणाल्या, माझ्या कपाटात बघ, महत्त्वाचे कागद सगळे तिथंच असतात. त्यांना आता फार उठवत नाही. पलंगावर बसून त्या मुलीला वारा घालत होत्या, पुठ्ठ्यानं, झोप मोडेल म्हणून हळू.

कपाटात वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी होती. मामंजींचा मृत्यूचा दाखला, घराची पावती, विम्याचे जुने कागद. आणि चौपदरी घडी घातलेली ती झेरॉक्स. मी उघडली. एका कागदावर पुढची बाजू, दोन रेघा जरा पुसट उमटलेल्या. दुसऱ्यावर मागची. वर मुंगीएवढी उल्का, खाली तेजश्री, खाली आकडे. मला हसू आलं. केवढी भ्याले होते मी.

मग खाली दिसलं. चेक लहान असतो आणि कागद मोठा. खालचा अर्धा कागद कोराच राहतो. त्या कोऱ्या भागात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. फिकट, जागोजागी घडीवर झिजलेलं. मी खिडकीजवळ नेलं.

कस्तुरा भीमाशंकर आळंगे.

पहिल्यांदा शाळकरी अक्षरात, एकेक अक्षर सुटं. त्याच्या खाली परत, जरा भरभर, 'भी'ची वेलांटी चुकली म्हणून खोडलेली. त्याच्या खाली आणखी एकदा. चौथ्यांदा हाताला आठवलं होतं. अक्षरं एकमेकांत गेली होती, शेवटच्या 'गे'ची मात्रा मागे फिरून पूर्ण नावावरून गेली होती, आणि खाली एक रेघ मारून तिच्यावर दोन टिंबं दिली होती. सही होती ती. कुणाच्याही हाती न गेलेली.

"सापडलं का गं?" आतून आईंनी हळू आवाजात विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं. "बघतेय."

घड्या होत्या तशाच, त्याच रेघांवर घातल्या. कागद पिशवीत ठेवला, पिशवी वरच्या कप्प्यात. लसीचं कार्ड खालच्याच कप्प्यात होतं, समोरच. ते घेऊन मी बाहेर गेले, त्यांच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि म्हटलं, द्या, आता मी घालते वारा, तुम्ही जरा पडा.

त्या पडल्या. माझ्या मुलीच्या शेजारी, कुशीवर, तिच्याकडे तोंड करून. थोड्या वेळानं दोघींचा श्वास एका लयीत आला. मग मी पुठ्ठा बाजूला ठेवला, वही घेतली आणि त्यांना जाग येईपर्यंत हे लिहीत बसले.